गेअरलॉखचा रस्ता

इन्व्हरनेसहून गेअरलॉखला जायला गाडीनं दोन तास पुरतात. अंतर एकशे दहा-बारा किलोमीटर. उत्तर स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख, म्हणजे हायलँड्स, हा रस्ता आडवा कापत जातो. पूर्वेच्या समुद्रावरून निघायचं आणि पश्चिमेच्या समुद्राला जाऊन टेकायचं. सरकारी कागदांत त्याच्या बऱ्याचशा भागाला ए-८३२ असा क्रमांक आहे. इथली माणसं मात्र ‘गेअरलॉखचा रस्ता’ एवढंच म्हणतात. कामाच्या निमित्तानं मी बरीच वर्षं या रस्त्यानं ये-जा करतो आहे. जानेवारीतल्या बर्फात, जूनमधल्या रात्री अकरापर्यंत न मावळणाऱ्या उजेडात आणि ऑक्टोबरच्या झोडपणाऱ्या पावसातही हा रस्ता मी पाहिला आहे.

पर्यटनाच्या पुस्तिकांमध्ये या मुलखाचं वर्णन ‘युरोपातला शेवटचा अस्पर्श निसर्ग’ अशा थाटाचं असतं. ते मला पटत नाही. निसर्ग इथं अपार आहे, पण अस्पर्श मुळीच नाही. या रस्त्यावर जे दिसतं आणि जे दिसायला हवं होतं पण दिसत नाही, त्या दोन्हींमागे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. कुणी झाडं तोडली, कुणी मेंढ्या आणल्या, कुणी गरुड मारले, आणि पुढे कुणी ते बोटीतून, विमानातून परत आणले. हा हिशेब समजला की याच रस्त्याचं सौंदर्य कमी न होता वाढतं, असा माझा अनुभव आहे.

इन्व्हरनेस सोडताना १९८२ साली बांधलेला केसॉक पूल लागतो. पुलाखालच्या खाडीत बाटलीनाक्या डॉल्फिनचा वावर असतो. एवढ्या उत्तरेला बारमाही राहणारे हे डॉल्फिन जगात दुसरीकडे क्वचितच सापडतील. पूल ओलांडला की ब्लॅक आइल हा सुपीक पट्टा सुरू होतो. नावात ‘आइल’ असलं तरी ते बेट नाही, द्वीपकल्प आहे. बार्लीची शेतं, गाईंची कुरणं, आणि वर घिरट्या घालणाऱ्या लाल घारी. तांबूस अंग, पंखांखाली पांढरे पट्टे आणि दुभंगलेली लांब शेपटी. एकदा ओळख पटली की ही घार पुन्हा कुठंही चुकत नाही.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून ही घार पार संपवली गेली होती. १९८९ ते १९९३ या काळात स्वीडनमधून ९३ पिल्लं आणून ती ब्लॅक आइलमध्ये सोडण्यात आली. त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्यांतही जवळपास तेवढेच पक्षी सोडले होते. चिल्टर्नमध्ये आज त्यांची संख्या हजारांत आहे. ब्लॅक आइलमध्ये मात्र ती फार सावकाश वाढली. इथंही अन्न आहे, घरट्यांना झाडं आहेत, पिल्लंही नीट निघतात. फरक पडला तो विषानं आणि बंदुकीनं. २०१४ च्या वसंतात कॉनन ब्रिज गावाच्या परिसरात १६ लाल घारी आणि बझर्ड जातीचे ६ शिकारी पक्षी मेलेले सापडले. तपासणीत त्यांतल्या बहुतेकांच्या शरीरात बंदी असलेलं विष निघालं. घार मुख्यतः मेलेलं जनावर, गांडुळं, उंदीर खाते. शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांना आणि कोकरांना तिच्यापासून फारसा धोका नाही. तरी ती मरते, कारण विषारी आमिष खाणारा कोण हे पाहत नाही.

कॉन्टिन गावाच्या पुढे डाव्या हाताला रोगीचा धबधबा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्रातून परतणारे सामन मासे तिथं पाण्याविरुद्ध उड्या मारताना दिसतात. त्यांच्यासाठी खडकात पायऱ्यांची वाट काढलेली आहे, पण काही मासे ती सोडून धबधब्यावरच झेप घेतात. ते बघायला अर्धा तास काढून ठेवावा. गार्व्हनंतर उत्तरेचा मोठा रस्ता सोडून डावीकडे वळलं की ए-८३२ चा पश्चिमेचा टप्पा सुरू होतो आणि गर्दी मागे पडते.

इथं लॉख लुइखार्ट लागतो. लॉख म्हणजे तलाव किंवा खाडी. काठाला ग्रूडी ब्रिजचं वीजघर आहे. दगडी, देखणं. १९५० पासून ते चालू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ मध्ये, टॉम जॉन्स्टन या मंत्र्यानं कायदा करून घेतला आणि हायलँड्सच्या पाण्यावर वीज करणारं सार्वजनिक मंडळ उभं केलं. तोवर इथल्या बहुतेक शेतघरांत कंदीलच होते. डोंगरापलीकडच्या लॉख फॅनिखचं पाणी बोगद्यानं इथं आणलं. बोगदा तलावाच्या तळाखालून नेला आणि शेवटचा खडक सुरुंगानं उडवून पाणी आत घेतलं. मराठी वाचकांना हे तंत्र परकं नाही. १९९९ च्या मार्चमध्ये कोयनेला शिवसागराच्या तळाशी ‘लेक टॅपिंग’ झालं तेव्हा महाराष्ट्रभर त्याची चर्चा होती. लुइखार्टचं पाणी १९५४ च्या सुमारास वाढवलं तेव्हा इथला रेल्वेमार्ग आणि स्टेशनही वर हलवावं लागलं. म्हणजे हा तलावसुद्धा आज आहे तसा निसर्गानं दिलेला नाही.

पुढचं स्ट्रॅथब्रॅन खोरं रुंद, सपाट आणि उजाड आहे. मधून ब्रॅन नदी वळणं घेत वाहते. बाजूनं एकेरी लोहमार्ग जातो, १८७० साली डिंगवॉलहून पश्चिम किनाऱ्याकडे टाकलेला. बाकी गवत, हेदरची झुडपं आणि काळी ओली पीटची माती. ऑगस्टमध्ये हेदर फुललं की उतार जांभळे होतात. उरलेलं वर्ष सारं तपकिरी. पहिल्यांदा येणारा माणूस इथं बहुधा कंटाळतो आणि वेग वाढवतो. मी या खोऱ्यात मुद्दाम वेग कमी करतो, कारण मोठे पक्षी इथंच दिसतात.

तारेच्या खांबावर बसलेला तपकिरी शिकारी पक्षी दिसला की पाहुणे हमखास ‘गरुड!’ म्हणून ओरडतात. तो बझर्ड असतो. इथली माणसं त्याला प्रेमानं ‘टूरिस्टांचा गरुड’ म्हणतात. खरा सोनेरी गरुड रस्त्याकाठच्या खांबावर सहसा बसत नाही. तो डोंगराच्या धारेवर, पंख किंचित वर उचलून, एकदाही न फडफडता लांबवर तरंगत जातो. पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर. २०१५ च्या गणनेत स्कॉटलंडमध्ये सोनेरी गरुडाच्या ५०८ जोड्या मोजल्या गेल्या. त्याआधीच्या, २००३ च्या गणनेत त्या ४४२ होत्या.

हिवाळ्यात लाल हरणांचे कळप याच खोऱ्यात उतरतात. सांबराच्या कुळातलं हे जनावर ब्रिटनमधला सगळ्यात मोठा वन्य भूचर प्राणी आहे. उंचावर बर्फ साचलं की शे-दीडशेचे कळप नदीकाठच्या गवतावर येतात. रात्री दिव्यांच्या उजेडात शंभर डोळे एकदम चमकतात. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं म्हणजे धोका टळला असं इथं कुणी समजत नाही, मागून दुसरं येतंच. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा त्यांचा माज. नरांच्या डरकाळ्या खोऱ्याच्या दोन्ही भिंतींवर आदळून फिरत राहतात. ज्यानं तो आवाज ऐकलेला नाही त्याला हरणाचा म्हणून सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा याच खोऱ्यात तिनं विचारलं, “अरे, पाऊस एवढा, पाणी एवढं, मग डोंगरावर एकसुद्धा झाड कसं नाही? झाडं गेली कुठं?”

हा प्रश्न या रस्त्यावर विचारायचा पहिला प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तरही याच रस्त्यावर मिळतं.

शेवटचं हिमयुग सरल्यावर, साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, हा प्रदेश मोकळा झाला. आधी बर्च आला, मग स्कॉट्स पाइन. पुढे काही हजार वर्षं इथं मोठी रानं होती. साधारण चार हजार वर्षांपूर्वी हवा अधिक ओली आणि थंड झाली, पीटची दलदल पसरली, आणि पाइन बऱ्याच ठिकाणी आपोआप मागे हटला. रस्त्याकडेला पीट कापलेला असतो तिथं त्या जुन्या पाइनचे बुंधे आजही काळ्या मातीत रुतलेले दिसतात. तेव्हा सगळा दोष कुऱ्हाडीचा नाही, हे आधी सांगायला हवं.

पण उरलेलं माणसानंच संपवलं. लाकडासाठी, कोळशासाठी, कुरणांसाठी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनमालकांना दक्षिणेतल्या जातिवंत मेंढ्यांत पैसा दिसू लागला आणि त्यांच्यासाठी शेकडो वस्त्या रिकाम्या केल्या गेल्या. कुळांना किनाऱ्यावर हाकललं किंवा जहाजात घालून कॅनडाला पाठवलं. खोऱ्यांमध्ये कुठं कुठं बाकीच्यापेक्षा हिरवागार गवताचा तुकडा आणि त्यात गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती दिसतात. ती त्यांची घरं. पुढे लोकरीचा भाव पडला तेव्हा त्याच जमिनी श्रीमंतांना हरणांच्या शिकारीसाठी भाड्यानं देण्यात आल्या. लांडगा अठराव्या शतकापर्यंत नाहीसा झालेलाच होता. शिकारीला भरपूर नर हवेत म्हणून हरणं वाढू दिली, आणि हरणांनी उगवणारं प्रत्येक रोप खाल्लं. आज स्कॉटलंडमध्ये चार जातींची मिळून दहा लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज आहे. जुन्या, नैसर्गिक पाइनवनाचे मान्यता असलेले तुकडे उरलेत ८४. पूर्वीच्या विस्ताराच्या जेमतेम एक टक्का, असं म्हणतात.

पाऊस भरपूर, पण रोपाला हरणाच्या तोंडाच्या वर वाढायलाच मिळत नाही. आईला मी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे चराईबंदी करायला पाहिजे.” सातारच्या दुष्काळी भागात पाणलोटाची कामं पाहिलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आखनाशीन हे चार घरांचं स्टेशन मागे टाकलं, लॉख अ क्रॉइस्कचा काठ संपला, की चढ लागतो आणि मग ग्लेन डॉखर्टीचा उतार. इंग्रजी यू अक्षरासारखं खोरं. त्याच्या तोंडाशी, दूर खाली, लॉख मरीचं पाणी. इथं गाडी थांबवायला वेगळी जागा केलेली आहे.

उताराच्या तळाशी किनलॉख्यू गाव आणि त्याच्या डोक्यावर बेन एय हा डोंगर. सर्वोच्च माथा १०१० मीटर. भर उन्हाळ्यातही त्याच्या माथ्यावर बर्फ आहे असं वाटतं, पण तो पांढरा गारगोटीचा दगड असतो, क्वार्ट्‌झाइट. इथल्या दगडांची वयं ऐकून माणूस गप्प होतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. बेन एयच्या माथ्यावरचा पांढरा दगड पन्नास कोटींच्या वरचा, त्याखालचा तांबडा वाळूचा खडक सुमारे एक अब्ज वर्षांचा, आणि लॉख मरीच्या पलीकडच्या स्लीओख डोंगराच्या पायथ्याचा करडा नाइस काही ठिकाणी तीन अब्ज वर्षांच्या घरात. स्लीओखकडे पाहिलं की करड्या पायावर तांबडा डोंगर ठेवल्यासारखा दिसतो. वाळूखाली गाडली गेलेली एक अतिप्राचीन दऱ्याखोऱ्यांची भूमी तिथं उघडी पडली आहे. या भागात जुना खडक नव्या खडकाच्या डोक्यावर चढून बसलेला सापडतो. त्यावरून एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांची मोठी भांडणं झाली. बेन पीच आणि जॉन हॉर्न या दोघांनी वर्षानुवर्षं हे डोंगर पायाखाली घातले आणि १९०७ मध्ये सरकारी भूगर्भ खात्याचा जो ग्रंथ निघाला, त्यानं जमिनीचे थर एकमेकांवर कसे ढकलले जातात हे जगाला दाखवलं.

या डोंगराच्या उत्तर उतारावर, रस्त्याला लागूनच, कॉय्ले ना ग्लास लेचिर नावाचं पाइनचं रान आहे. १९५१ साली याच रानासाठी बेन एय हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे ४८ चौरस किलोमीटर. युद्धकाळात इथलंही लाकूड तोडलं गेलं होतं. उरलेली झाडं म्हातारी होती, काही तीनशे वर्षांच्या पुढची, आणि त्यांच्याखाली तरुण झाडच नव्हतं. आणखी काही दशकांत रान आपोआप संपलं असतं.

राखीव क्षेत्राच्या माणसांनी याच रानातलं बी गोळा केलं, गावाजवळ रोपवाटिका केली, कुंपणं घातली, काही ठिकाणी जमीन नांगरून रोपं लावली. पुढे त्यांची समजूत बदलत गेली. नांगरलेल्या ओळींतली झाडं ओळींतच उभी राहतात, रान होत नाही. कुंपणाच्या तारेवर आपटून ग्राउस जातीचे पक्षी मरतात. शिवाय कुंपणाच्या आत रोपं इतकी दाटतात की जमिनीवरच्या इतर वनस्पतींचा जीव घुसमटतो. मग भर पडला तो हरणांची संख्या कमी ठेवण्यावर आणि बी आपल्या आपण रुजू देण्यावर. त्यासाठी हरणं मारावी लागतात, हे ऐकून आपल्याकडच्या प्राणिप्रेमी वाचकाला धक्का बसेल. मलाही ते सहज पचलं नव्हतं. पण लांडगा नसलेल्या डोंगरावर कुणीतरी लांडग्याचं काम केल्याशिवाय रान परत येत नाही, आणि भुकेनं हिवाळ्यात तडफडून मरणारी हरणं पाहिल्यावर या कामाला क्रूर म्हणवत नाही. २०२३ मध्ये स्कॉटलंड सरकारनं नर हरणांच्या शिकारीची बंद मुदतही काढून टाकली. त्यावर शिकारीच्या जमिनी राखणाऱ्या गेमकीपरांचा मोठा आक्षेप आहे. हरणं हीच त्यांची रोजी-रोटी आहे. तो आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही माझं मत रानाच्या बाजूनं आहे.

गाडीच्या खिडकीतूनसुद्धा निकाल दिसतो. हेदरमधून वर आलेली गुडघाभर, कमरेएवढी, डोक्याएवढी पाइनची झाडं. मध्ये बर्च आणि लाल फळांचे रोवन. एकाच रानात आजा, बाप आणि नातू उभे असावेत तसं. स्ट्रॅथब्रॅनमध्ये जे नव्हतं ते हे, सगळ्या वयांची झाडं.

झाडांबरोबर जनावरंही टिकली. पाइन मार्टेन हा मुंगसाच्या बांध्याचा, गर्द तपकिरी, गळ्याला पिवळसर मलईचा डाग असलेला झाडचढ्या शिकारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये तो जवळपास सगळीकडून संपवला गेला होता. वायव्य हायलँड्सच्या या कोपऱ्यात तेवढा तग धरून राहिला. १९८८ मध्ये त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालं आणि तो पुन्हा दक्षिणेकडे पसरू लागला. पुढे ॲबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की मार्टेन जिथं परततो तिथं अमेरिकेतून आलेल्या करड्या खारी कमी होतात आणि देशी लाल खारींना फायदा होतो. करड्या खारीला या शत्रूची सवय नाही, लाल खार त्याच्यासोबत हजारो वर्षं राहिली आहे. वेस्टर रॉसच्या, म्हणजे या पश्चिम भागाच्या, रानांत लाल खार उरली नव्हती. २०१६ पासून ट्रीज फॉर लाइफ या संस्थेनं शील्डेगसारख्या ठिकाणी ती आणून सोडली, कारण मधल्या उघड्या डोंगरांवरून खार स्वतः चालत येऊ शकत नाही. खारीला प्रवासालाही झाडं लागतात.

मे महिन्यात या रानातून कुक्कूचा आवाज येतो. तिरचिमणीच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होणारी मादी आणि गळा फुगवून ओरडणारा नर. ब्रिटनच्या पक्षी-अभ्यास संस्थेनं २०११ पासून काही कुक्कूंच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली. हिवाळा ते काँगोच्या खोऱ्यात काढतात. स्कॉटलंडचे पक्षी बहुतांशी इटलीवरून जातात, तर इंग्लंडमधले अनेक स्पेनवरून, आणि स्पेनच्या वाटेवर जास्त मरतात. रस्त्याकडेच्या झऱ्यात करडा धोबी शेपटी हलवत असतो. हिवाळ्यात सह्याद्रीच्या ओढ्यांवर दिसणारा तोच. आईनं त्याला लगेच ओळखलं. ओलसर जागी जमिनीलगत पाहिलं तर कीटक खाणारा ड्रॉसेरा, म्हणजे कासच्या पठारावर वाकून वाकून बघतो ती दवबिंदू वनस्पती, तिच्या इथल्या जाती तांबड्या ठिपक्यांसारख्या पसरलेल्या असतात. कीटकांची तिला कमतरता नाही. जूनअखेरपासून मिज नावाच्या चिलटांचे ढग उठतात. वारा पडला की पाच मिनिटंही उभं राहवत नाही.

रान संपतं तिथं लॉख मरी पूर्ण उघडा होतो. लांबी सुमारे वीस किलोमीटर, मध्ये साठाहून जास्त बेटं. मोठ्या बेटांवर न तोडलेला पाइन आहे, आणि एका बेटाच्या पोटात पुन्हा तलाव. इथं काळ्या गळ्याचा डायव्हर हा पाणपक्षी घरटं करतो. पाय शरीराच्या इतके मागे असतात की त्याला जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून पाण्याच्या अगदी काठाशी अंडी घालतो, आणि पाऊस जोराचा झाला की अंडी बुडतात. संपूर्ण ब्रिटनमध्ये याच्या दोनशेच्या आसपास जोड्या आहेत. होडी किंवा कायाक घेऊन बेटांजवळ जाऊ नका असं सांगितलं जातं ते याचसाठी.

समोरच्या काठावर लेटर्यूची ओकची रानं आहेत, ब्रिटनमधल्या सर्वांत उत्तरेकडच्या ओकरानांपैकी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉर्ज हे यानं इथं लोखंडाची भट्टी घातली. कोळशासाठी ओक तोडले, खनिज समुद्रमार्गे आणलं, तोफा ओतल्या. आज झाडीत दगडांचे ढीग उरलेत. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत, नव्हे १९८० च्या दशकापर्यंत, हा तलाव समुद्री ट्राउट माशासाठी युरोपभर नावाजलेला होता. त्या दशकाच्या अखेरीस मासा कोसळला. तलावाचं पाणी ज्या लॉख यू खाडीत उतरतं तिथं १९८७ च्या सुमारास सामनची पिंजराशेती सुरू झाली होती. तिथून पसरणाऱ्या माशांवरच्या उवा हे मोठं कारण असल्याचं अभ्यासकांनी मांडलं. मत्स्यशेतीवाल्यांना ते मान्य नाही. मासे संपले तसे मासे पकडायला येणारे पाहुणे आणि त्यांची होडी वल्हवणाऱ्यांचा रोजगारही गेला.

तलावावर आता पांढऱ्या शेपटीचा समुद्र गरुड दिसतो. ब्रिटनमधला शेवटचा पक्षी १९१८ साली शेटलंडमध्ये गोळी घालून मारला होता. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून रम बेटावर सोडली, आणि १९९३ ते १९९८ मध्ये आणखी ५८ इथं वेस्टर रॉसमध्ये. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या समुद्र गरुडाचा हा थोरला भाऊ, पंखांचा विस्तार अडीच मीटरच्या जवळ. गेअरलॉखच्या क्रॉफ्टरांची, म्हणजे छोट्या जमिनीवरच्या शेतकरी-मेंढपाळांची, तक्रार आहे की तो जिवंत कोकरं उचलतो. अभ्यासात तो मेलेली, अशक्त कोकरं जास्त खातो असं दिसलं, पण काही जिवंतही नेतो. पाच-पन्नास मेंढ्यांवर जगणाऱ्या माणसाला ती दोन-चार कोकरंही परवडत नाहीत. गरुड पाहायला पैसे देऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या माणसाचं नुकसान भरून निघतंय का, हेही विचारलं पाहिजे.

टॅलाडेलला तलावाकाठी जुनं हॉटेल आहे. १८७७ च्या सप्टेंबरमध्ये राणी व्हिक्टोरिया रेल्वेनं आखनाशीनला उतरली, घोडागाडीनं याच रस्त्यानं आली आणि सहा रात्री इथं राहिली. हॉटेलसमोरच्या शिळेवर गेलिक भाषेत तशी नोंद कोरलेली आहे. जवळच्या धबधब्यालाही तिचंच नाव.

ही तारीख वाचली की मला पुढे जाववत नाही. त्याच वर्षी १ जानेवारीला दिल्ली दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं होतं, आणि तेव्हा दख्खन दुष्काळात होरपळत होतं. रिचर्ड टेंपल या सरकारी अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे असं ठरवलं. मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली.

आणि राणीची घोडागाडी ज्यावरून धावली तो रस्ता? त्याचा स्लाटाडेल ते केरिसडेलकडचा भाग १८४६ नंतरच्या बटाटा-दुष्काळात झाला, दुष्काळी काम म्हणून. रोगानं बटाटा कुजला, माणसं उपाशी पडली, आणि मदत फुकट मिळता कामा नये म्हणून त्यांच्याकडून दगड फोडून घेतले. त्या मदतीच्या कडक अटींमागे लंडनच्या खजिन्यातला अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन होता. तो त्याआधी हिंदुस्थानात नोकरीला होता आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच्या काळात इथल्या पुरुषाला दिवसभराच्या कामाचं माप ठरलं होतं एक पौंड पीठ. तीस वर्षांनी सोलापूर-नगरच्या मजुराच्या पदरात पडलं ते तेच माप. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना या रस्त्याच्या कडेच्या दगडी बांधाकडे पाहून वेगळं काही सांगायला नको.

हा टप्पा अजून काही भागात एकेरी आहे. थोड्या थोड्या अंतरावर रुंद केलेल्या जागा असतात. समोरून गाडी आली की जी गाडी अशा जागेच्या जवळ असेल तिनं थांबायचं, आणि दुसऱ्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानायचे. २०१५ साली ‘नॉर्थ कोस्ट ५००’ नावानं ८३० किलोमीटरची पर्यटन-परिक्रमा जाहीर झाली, हा रस्ता तिच्यात आला, आणि मोठमोठ्या निवासगाड्या इथं शिरल्या. गावांना पैसा मिळतो, दुकानं टिकतात, ही चांगली गोष्ट आहे. पण रुग्णवाहिका, शाळेची बस आणि कोकरं घेऊन निघालेला शेतकरी यांना त्या गाड्यांच्या मागे अडकून राहावं लागतं. रस्त्याकडेच्या पीटमध्ये रुतलेली चाकं शेकडो वर्षांत साचलेली माती काही सेकंदांत उखडतात.

पुणे-मुंबईहून, लंडनहून आता बरीच मराठी कुटुंबं या वाटेनं येतात. त्यांना विनंती आहे. मेमध्ये किंवा जूनच्या सुरुवातीला या, चिलटं कमी असतात. किंवा ऑक्टोबरमध्ये या, हरणांच्या डरकाळ्या ऐकायला मिळतील. एकेरी रस्त्यावरच्या रुंद जागा गाड्यांनी एकमेकांना वाट देण्यासाठी आहेत. तिथं फोटोसाठी किंवा डबा खायला थांबू नका. मागे गाडी आली तर तिला पुढे जाऊ द्या, ती कामाला निघालेली असते. संध्याकाळी वेग कमी ठेवा. गेअरलॉखचा समुद्र आणि पुढे ऑस्गुड मॅकेन्झीनं १८६२ पासून उघड्या खडकावर उभी केलेली इन्व्हर्यूची बाग जरूर पाहा. पण त्याआधी किनलॉख्यूपासून चार किलोमीटरवर, लॉख मरीच्या काठाला, कॉय्ले ना ग्लास लेचिरचं वाहनतळ आहे. तिथून रानातली छोटी पायवाट दीड किलोमीटरची आहे, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना सावकाश जमते. ती चाला, आणि गुडघ्याएवढी पाइनची रोपं किती दिसतात ते मुलांना मोजायला सांगा.